पहिली तक्रार

चार वर्षं मी दर रविवारी इंटरनेटवर एक लेख फुकट वाढत होतो. मंगरूळपीरचा बाजार, दर्ग्याबाहेरची फुलांची दुकानं, एसटीतली भांडणं, असलं काहीबाही. वाचणारे ‘छान’ म्हणून पुढे सरकायचे. बाबा तेवढंही म्हणत नव्हते. ते वाचतात हे आईकडून कळायचं, पण बरं नाही की वाईट नाही. ते मला फार लागायचं.

बाबा टेलर. लेखांचे पैसे घ्यायचं मनात आलं तेव्हा मी भीत भीत त्यांनाच विचारलं. विजयादशमी जवळ आलेली, नागपूरला जाणाऱ्यांच्या पांढऱ्या सदऱ्यांचा ढीग मशीनपाशी पडला होता. मान वर न करता म्हणाले, “घे ना. येवढा कायले लाजून राह्यला?”

त्यांना विचारणं सोपं होतं म्हणा. सख्ख्या भावाचा सदरा शिवला तरी शिलाई घेणारा माणूस तो. काका एकदा यावरून चिडले, तेव्हा बाबा म्हणाले होते, “फुकट शिवून देल्लं तं काखंत काचते हे सांगशीन का? गुमान पेटीत ठेवून देशीन. पैसे दे अन् बोल.”

मी महिन्याला पन्नास रुपये ठरवले आणि लेखांना कुलूप लावलं. निम्म्याहून जास्त वाचक पांगले. ‘लई शहाणा झाला’ असंही कानावर आलं. बाबांना मात्र मी फुकट ठेवलं. बापाकडून काय पैसे घ्यायचे? पहिला रविवार गेला. त्यांच्याकडून नेहमीसारखं काहीच नाही.

दुसऱ्या रविवारी पैसे भरणाऱ्यांत त्यांचा नंबर दिसला. दुकानासमोरच्या मोबाइलवाल्याकडून भरून घेतले होते. मला ओशाळल्यासारखं झालं, थोडा रागही आला. तेवढ्यात त्यांचाच फोन.

“पैसे देल्ले म्या. आता आयक. आजचा लेख सुरुवातीले सैल हाये. बाजारात पोचाले येवढा येळ लागते का?”

मग एसटीवरचा लेख निघाला, तो शेवटी आखूड पडलेला. मग दोन वर्षांपूर्वीचा, जो मीच विसरलो होतो. अर्धा तास ते माझी मापं काढत होते.

“मंग आधी काहून नाई बोलले?” मी विचारलं.

“फुकटचं होतं ना.”

मी वही घेऊन एकेक उतरवून घेत होतो. इतका आनंद मला कुणाच्या ‘छान’ने झाला नव्हता.

फोन ठेवताना म्हणाले, “उसव अन् पुन्हा शिव. कापड चांगलं हाये.”