युनच्वेची रापी

माझे दाजी शी माओतांग यांना ह्वाचौच्या पंचक्रोशीत छायाबाहुल्यांचे थोर खेळिये म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांच्या प्रत्येक बाहुलीचे कातडे रापीने तासून कागदासारखे पातळ केले ते माझ्या बहिणीने, युनच्वेने. हे मात्र कोणी म्हणत नाही. वाकून वाकून तिची पाठ गेली, आणि मागच्या थंडीत ती स्वतःही गेली.

खेळ संपला की बाहुलीचे डोके मानेतून काढून धडापासून दूर, वेगळ्या पेटीत ठेवायचे, हा आमच्याकडचा कडक नियम. डोके राहिले तर बाहुली आपल्या मनाने उठते. दाजींनी हा नियम उभ्या जन्मात मोडला नव्हता. बहिणीच्या निधनानंतर त्यांनी तिनेच तासलेल्या शेवटच्या कातड्यात तिचा चेहरा कोरला, आणि त्या बाहुलीचे डोके मात्र काढले नाही.

गव्हाच्या मळणीच्या दिवसांत मी त्यांच्याकडे गेलो. भर दुपार होती. दाजी ओसरीवर नूडल्स ओरपत होते आणि मागच्या अंगणातून खर्र, खर्र असा आवाज येत होता.

"कुणाला ठेवलंत कामाला?"

"ठेवायचं कशाला? घरचंच माणूस आहे."

मी मागे गेलो. अंगणात कोणी नव्हते. चौकटीवर ताणलेल्या ओल्या कातड्यावर ऊन पडले होते, आणि त्यावर एक वाकलेली सावली पुढे-मागे होत होती. ती पाठ मी ओळखली.

"दाजी, मेल्यावर तरी सोडा तिला! डोकं काढा ते."

"मास्तर, तुम्ही आपली शाळा सांभाळा. करमत नाही म्हणून येते ती."

"तिनं सांगितलं असं?"

"ती कधी काय बोललीय?"

मी ओसरीवर आलो, भिंतीच्या खिळ्यावर टांगलेली तिच्या चेहऱ्याची बाहुली घेतली, डोके उपसले आणि पेटीत घालून झाकण लावले. दाजींनी अडवले नाही. फक्त खाणे थांबवले. आवाज बंद पडला. मी सुटकेचा श्वास घेतला.

खर्र.

मी धावलो. सावली तिथेच होती. मानेवर काही नव्हते, तरी हात चालूच होते. या घरात हातांखेरीज तिच्याकडून कोणी काही मागितलेच नव्हते. रापी वेडीवाकडी, चौकटीवर आदळत, बोटांच्या अगदी जवळून जात होती.

"आता दिसत नाहीय तिला," दाजी मागून हळूच म्हणाले. "हात कापून घेईल."

मी परत आलो, पेटी उघडली आणि डोके माझ्याच हातांनी तिच्या मानेत बसवले.