मी उतरले नाही, मला उतरवलं

सत्काराच्या पत्रिकेवर माझ्या नावाआधी 'वाघीण' छापलेलं पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. खेळत होते तेव्हा सोलापुरात कुत्रं विचारत नव्हतं. भारताकडून सामने खेळून परतले की बॅग खांद्याला लावून रिक्षा शोधायची आणि घर गाठायचं. खेळ संपला, हात कामातून गेला, आणि मग मी वाघीण झाले.

आम्ही मूळचे सांगोल्याकडचे, मेंढ्या राखणारे. वडील गेल्यावर आईनं कळप विकला आणि आम्ही मायलेकी सोलापूरजवळ कुंभारीला राहायला आलो. कॉलेजात मी गोळाफेक करायची. तिथं बाहेरून आलेल्या एका प्रशिक्षकांनी मला रग्बीच्या स्क्रममध्ये उभं केलं. स्क्रम म्हणजे दोन्हीकडच्या आठ-आठ जणी खांद्याला खांदे भिडवून वाकतात आणि चेंडूसाठी समोरच्यांना मागं रेटतात. मी पहिल्या रांगेत होते. समोरच्या मुली मागं सरकल्या आणि मला वाटलं, हेच आपलं. माझ्या ज्या अंगाला सगळे नावं ठेवत होते, त्या अंगाची इथं गरज होती.

त्याच जोरावर देशाच्या संघात गेले. परदेशातल्या एका सामन्यात स्क्रम कोसळला आणि माझा उजवा खांदा निखळला. फिजिओनं तो जागेवर बसवला आणि सांगितलं, "आता खेळायचं नाही." तेवढ्यात संघाचे मॅनेजर आले. पहिल्या रांगेची आमची राखीव मुलगी आधीच जखमी होती. पहिल्या रांगेची तयार खेळाडू नसेल तर स्क्रममध्ये रेटणंच बंद करतात, असा नियम आहे. आणि आम्ही तर रेटूनच जिंकत होतो.

"पट्टी बांधा हिला," मॅनेजर म्हणाले.

"सर, हात वर होत नाहीये."

"हात कशाला वर करायचाय? खांदा लाव फक्त. देशासाठी एवढंही जमत नाही?"

फिजिओनं पट्टी बांधली. मी गेले. पुढच्याच स्क्रममध्ये आत काहीतरी फाटलेलं मला ऐकू आलं. हो, ऐकू आलं. नंतर शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर त्या माणसानं माझा फोन कधी उचलला नाही.

सत्काराला प्रमुख पाहुणा म्हणून तोच माणूस आला होता.

शाल त्यानं नेमकी त्याच खांद्यावर टाकली आणि माइक हातात घेतला. "हिचा खांदा निखळला होता. मी म्हटलं, बाळ, बस आता. पण ही ऐकेना! म्हणाली, सर, देशासाठी खेळू द्या." सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. बोलायला मला उभं केल्यावर मी एवढंच म्हणाले, "सर खोटं बोलतायत. मी उतरले नाही, मला उतरवलं. यांनी."

निवेदक हसत म्हणाला, "ताईंचा स्वभाव मोठा मिश्कील हं!" आणि लोक हसले. हसले! मी पुन्हा तेच बोलायला लागले तर माइक बंद. "आता राष्ट्रगीत होईल, सर्वांनी उभं राहावं," निवेदकानं घाईघाईनं सांगितलं. ज्या राष्ट्रगीताला मैदानात माझे डोळे भरून यायचे, त्याचा बोळा करून त्यांनी माझ्या तोंडात कोंबला. मी ताठ उभी राहिले. दुसरं काय करणार होते?

रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "चारचौगांत असं बोलायचं असतं व्हय?"

"मग कुठं बोलू?"

"मला बोलायचं की! मी तर समजले, तूच हट्टानं गेलीस. यवढी वर्सं मनातल्या मनात तुलाच शिव्या घालत हुते मी." मग एकदम रिक्षावाल्याला म्हणाली, "मागं फिरवा, दादा."

सभागृहाच्या मागच्या अंगणात जेवणं चालली होती. आई सरळ त्या मॅनेजरसमोर जाऊन उभी राहिली. "या, माउली, या," ते म्हणाले. आईनं नमस्कार केला नाही.

"माज्या पोरीची येणी आजून मी घालते," ती म्हणाली. "तिचा हात डोक्यापातुर जात न्हाय. त्ये सांगा की माइकात."

जेवणाऱ्यांचे हात थांबले. या वेळी कुणी हसलं नाही. त्यांनी ताट टेबलावर ठेवलं, "मला एका बैठकीला जायचंय," असं पुटपुटले आणि गाडीत बसून निघून गेले. माफीचा एक शब्द नाही.

मी आता एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. त्या सत्कारानंतर मला निवड समितीवर कुणी बोलावलं नाही, बोलावणारही नाहीत. लोक समजावतात, झालं गेलं सोडून दे. का सोडू? संतापानं आजही माझी झोप उडते. परवा माझ्या संघातल्या मुलीच्या डोक्याला मार बसला तेव्हा तिला मी लगेच बाहेर काढलं. आम्ही सामना हरलो. मुख्याध्यापक कुरकुरले, ती पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. रुसू दे तिला.