अक्कांची शेवटची उत्तरं

अण्णांचा फोन आला तेव्हा मी इलेक्ट्रॉनिक सिटीत, ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. अण्णा म्हणजे पद्माक्कांचे थोरले भाऊ. ते कधी फोन करत नाहीत, त्यामुळे नाव दिसलं तसा मी मीटिंगमध्येच उचलला. "पद्मा गेली गं, सकाळी," एवढंच म्हणाले आणि मग बराच वेळ लाइन चालूच राहिली, कारण फोन बंद करायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. मी जिन्यात जाऊन उभी राहिले. रडू आलं नाही. माझं हे असंच असतं, वेळेवर काही होत नाही. डोक्यात एकच आलं, ग्रुपला कळवायला हवं. अक्का 'चेहरेपट्टी' नावाचा ऑनलाइन ग्रुप चालवायच्या, हौशी चित्रकारांचा. तिथेच पायरीवर बसून मी लॅपटॉप उघडला, "आपल्या अक्का आज सकाळी गेल्या" असं लिहिलं आणि पाठवून दिलं. मग वर बघितलं तर निरोपावर नाव अक्कांचं, शेजारी त्यांचा तो जाड चष्म्यातला फोटो. गेले पाच महिने मी तिथे त्यांच्याच नावानं लिहीत होते, आणि नेमकं त्या दिवशी आपल्या नावानं लिहायचं मला सुचलं नाही. मिनिटभरात निरोप पुसला, पण तेवढ्यात काही जणांनी वाचला होता. आपल्या जाण्याची बातमी अक्कांनी आपणच दिली. त्या असत्या तर हसून हसून त्यांना ठसका लागला असता...

अक्का मल्लेश्वरमच्या. घराण्याला बेंगळुरूत किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही सांगता यायचं नाही. घरात मराठीच, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं की नाशिकच्या माझ्या आईशी त्या फोनवर बोलल्या तर निम्मं मला समजावून सांगावं लागायचं. चाळीस वर्षं त्यांनी घरी ब्लाउज शिवले. टेप न लावता, बाई दारातून आत येताना नुसतं बघून खांद्याचं माप सांगायच्या. टाळेबंदीत शिवणकाम बंद पडलं आणि हात रिकामे बसेनात, तेव्हा त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांना आठवून आठवून त्यांची चित्रं काढायला घेतली. पुढे आठवणीतल्या बायका संपल्या आणि मनातल्या सुरू झाल्या. अण्णांच्या मुलीनं ती चित्रं नेटवर टाकली. लोक विचारायला लागले, आम्हीही काढतो, दाखवू का? त्यातून ग्रुप उभा राहिला. मनानं एखादं माणूस रचायचं, त्याला नावगाव द्यायचं आणि तेच माणूस पुन्हा पुन्हा काढत राहायचं, हा इथल्या सगळ्यांचा नाद. कोणी बँकेत, कोणी कॉलेजात, कोणी घर सांभाळणारं. धड चित्रकला शिकलेलं कोणी नाही. अक्काही नाही.

आणि ग्रुपचा एकच नियम होता. कोणी नवीन पात्राचं चित्र टाकलं की त्याखाली सगळ्यात आधी अक्का लिहायच्या, "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का. बेंगळुरूत भेटल्यावर माणसं एकमेकांना हेच विचारतात. चित्र काढणाऱ्यानं त्या पात्राच्या वतीनं उत्तर द्यायचं, काय जेवला, कुठे, कोणाबरोबर, की जेवलाच नाही. ते उत्तर येईपर्यंत चित्राबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही. मला आधी हे सगळं फार लाडीगोडीचं वाटलं होतं. पण उत्तर लिहिता लिहिता माणसाला आपल्या चित्रातलं काय हुकलंय ते आपोआप दिसायचं. मीटिंगमध्ये वहीच्या मागच्या पानावर काढलेली एक चिडखोर म्हातारी मी पहिल्यांदा ग्रुपवर टाकली, तेव्हा मलाही तोच प्रश्न आला. मी लिहिलं, "वेळ मिळाला नाही." अक्कांचं उत्तर आलं, "शनिवारी ये, घरी. म्हातारीला पण आण." अशी मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले. समोर चित्रान्नाची ताटली ठेवून त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "डावा खांदा वर करून बसतेस. कुणावर चिडलीस गं एवढी?" मग दर शनिवार तिकडेच जायला लागला. हळूहळू ग्रुपची निम्मी कामं माझ्याकडे आली.

माझी नोकरी सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायची. चांगलं काय आहे ते सांगायचे पैसे मला कोणी देत नाही. तर तीन वर्षांपूर्वी विनायक नावाचे एक गृहस्थ ग्रुपमध्ये आले. मूळचे बेळगावचे, इथे औषधाच्या दुकानात कामाला, चाळिशी उलटलेली. त्यांनी यल्लव्वा नावाची बस कंडक्टर काढली होती, गर्दीत उभी, खांद्याला पैशांची चामडी पिशवी. अक्का नेमक्या दोन दिवस कुणाच्या तरी लग्नाला तुमकूरला गेल्या होत्या. मी ते चित्र उघडलं आणि नियम बियम सगळं विसरून सवयीनं यादी केली. अकरा चुका. ऑफिसात लावतो तसे प्रत्येकीला दर्जेही लावले. पिशवीचा पट्टा खांद्यातून आरपार जातो, गंभीर. डावा खांदा खाली, गंभीर. मान आखूड, मध्यम. कानातली दोन्ही वेगळी, किरकोळ. वर पुन्हा असं वाटलं की मी त्यांना केवढी मदत केली. संध्याकाळपर्यंत विनायकनी आपली सगळी चित्रं पुसली आणि ग्रुप सोडला.

अक्का परत आल्यावर ती यादी त्यांनी दोनदा वाचली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "दारात आलेल्या बाईला तू पाण्याचं विचारलं नाहीस. उभ्या उभ्या तिची अकरा दुखणी काढलीस. आणि डावा खांदा खाली आहे कारण पिशवी जड आहे, मेधा. चूक कसली ती?" मग त्यांनी विनायकना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. नंतरही अधूनमधून, आठवण आली की लावायच्या. कधीच उचलला गेला नाही. त्या मला पुन्हा काही बोलल्या नाहीत, पण फोन लावताना मी समोर असले की मला खाली बघावंसं वाटायचं.

गेल्या वर्षी पावसाळ्यात त्यांचं दुखणं कळलं, आणि कळलं तेव्हाच ते बरंच पसरलेलं होतं. ग्रुपला सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. "ते चित्रं दाखवायला येतात. त्यांना माझं आजारपण कशाला?" सुरुवातीला त्या सांगायच्या आणि मी टाइप करायचे. ऑक्टोबरात बोलतानाच धाप लागायला लागली, तेव्हा म्हणाल्या, "तूच लिही आता, माझ्या नावानं. ऊट आयता, एवढंच तर असतं." एवढंच नसतं, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मी एकेक उत्तर चार चार वेळा लिहून पुसत होते. पण येत गेलं. ऑफिसात अर्ज करून आठवड्यातले तीन दिवस मी अक्कांच्या बाहेरच्या खोलीत, शिवणाच्या मशीनवर लॅपटॉप ठेवून बसायला लागले. ऑफिसचं काम संपलं की अक्का व्हायचं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं. मेधा म्हणून मला कोणी कधी "तुमच्याशी बोललं की बरं वाटतं" असं लिहिलं नव्हतं.

डिसेंबरात विनायक परत आले. "अक्का, यल्लव्वा पुन्हा आलीय. रिटायर झाली. आत घ्याल का?" असं लिहून त्यांनी चित्र टाकलं होतं. केस पांढरे, अंगावर घरातली साडी, आणि पिशवी नसतानाही डावा खांदा खालीच. मी नुसती बघत राहिले. अक्का आतल्या खोलीत झोपल्या होत्या. मी लिहिलं, "ऊट आयता?" आणि मग राहवेना म्हणून त्याखाली लिहिलं, "मागच्या वेळी तुला दारातच उभं केलं आम्ही. आधी बस." त्यांचं उत्तर आलं ते लांबलचक. यल्लव्वाला तीस वर्षं डेपोत उभ्यानं जेवायची सवय, पिशवी खाली ठेवता यायची नाही ना, त्यामुळे आता पाटावर बसून तिला घास गिळवत नाही... अक्का जाग्या झाल्यावर मी त्यांना सगळं वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होत्या, पण तोंड हसरं झालं. "सरी," म्हणाल्या, म्हणजे ठीक. "आला ना परत. आता त्याला तुझं नाव सांग." मी म्हटलं, सांगते. दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, "सांगितलंस?" मी म्हटलं, सांगते, अक्का. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. तोंड कुठून आणणार होते? ज्या बाईनं अकरा चुका काढल्या तीच आता गोड गोड बोलतेय, हे कळल्यावर ते पुन्हा निघून गेले असते. मार्च उजाडला आणि अक्काच गेल्या.

मग ग्रुपवर लोकांनी जे लिहिलं ते वाचणं मला फार जड गेलं. जो तो अक्कांचं एखादं वाक्य आठवून सांगत होता, आणि त्यातली कितीतरी माझी होती. पुसलेल्या निरोपाबद्दल कोणीतरी विचारलंही, पण अण्णांनी घाबरून लिहिला असेल असं सगळ्यांनी आपापसांत ठरवून टाकलं. मीही ते तसंच राहू दिलं. खरं तर सुटलेच होते.

चौदाव्याच्या दुसऱ्या दिवशी विनायक मल्लेश्वरमला आले. त्यांना मी पहिल्यांदाच बघत होते. किरकोळ अंगाचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, चपला उंबऱ्याबाहेर अगदी नीट जोडून ठेवल्या. अक्कांच्या फोटोला नमस्कार करून ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि पिशवीतून एक वही काढली. डिसेंबरपासूनचं अक्कांचं प्रत्येक उत्तर त्यांनी त्यात हातानं उतरवून घेतलं होतं, वळणदार अक्षरात, खाली तारीख घालून. "माझ्याशी इतकं कोणी बोललं नाही हो, मॅडम," ते म्हणाले. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "त्या दिवशी अक्कांच्या नावावरून निरोप आला होता. तो कोणी लिहिला?"

अण्णा समोरच बसले होते. अण्णांनी, असं मी म्हटलं असतं तर तेही काही बोलले नसते. वही विनायकांच्या मांडीवर उघडी होती आणि तिच्यात माझी वाक्यं होती. "मी," मी म्हटलं. "तो मी लिहिला. आणि ही वहीतली उत्तरंही मीच लिहिलीत, विनायक. ती अकरा चुकांची यादी केली होती ना, ती मेधा मीच."

विनायक वहीची पानं मागे उलटत गेले, मग पुढे. आतून अण्णांची सून पाणी घेऊन आली, ते त्यांनी घेतलं आणि हातातच धरून ठेवलं. "अक्का फोन करायच्या मला," शेवटी म्हणाले. "मी उचलायचो नाही. राग होता. मग वाटलं, परत आलो, बोलणं झालं, मिटलं सगळं..." आवाज अजिबात चढला नव्हता. "म्हणजे अक्कांशी माझं बोलणं झालंच नाही."

मी घाईघाईनं म्हटलं की तुम्ही आलात हे त्यांना माहीत होतं, यल्लव्वाचं जेवण मी त्यांना वाचून दाखवलं, त्या हसल्या होत्या. विनायकनी मान वर केली. "सगळं दाखवलंत वाचून? मी लिहिलेलं?" आता खोटं बोलायची ताकद नव्हती. पहिली दोन उत्तरं दाखवली होती. नंतरची नाही. "का?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्या हातातला पेला घेऊन खाली ठेवला. विनायक उठले, अण्णांना नमस्कार केला, वही पिशवीत घातली आणि गेले. वही ठेवून गेले नाहीत, याचाच मी आधार धरून बसलेय. ग्रुपवरची यल्लव्वाची चित्रं त्यांनी या वेळी पुसलेली नाहीत. नवीनही टाकलेलं नाही.

त्या "का?"चं उत्तर मला आता ठाऊक आहे. अक्का आत झोपलेल्या असायच्या आणि मी बाहेर बसून अक्का होत असे. विनायकांचं काही वाचून मला एकटीलाच हसू फुटायचं, तेव्हा आतून बारीक आवाज यायचा, "मेधा, कोण आलंय गं?" मी म्हणायचे, "कोणी नाही, अक्का. हे एवढं उत्तर संपवते नि आलेच." आणि ते उत्तर छान व्हावं म्हणून पुन्हा खोडायचे, पुन्हा लिहायचे. आत जाईपर्यंत त्यांचा डोळा लागलेला असायचा. चार-पाचशे लोकांना जेवलात का म्हणून विचारत होते मी. पलीकडच्या खोलीत ती बाई दोन घास खाते की नाही, ते अण्णा बघत होते.

ग्रुपला मी सगळं सांगितलंय. काही जण रागावले, काही सोडून गेले, त्यांचं काही चुकलं नाही. उरलेल्यांना मी आता माझ्या नावानं लिहिते. शनिवारी अजून मल्लेश्वरमला जाते. अण्णा दार उघडतात, स्वल्प सरकून वाट देतात, विचारत काही नाहीत. मशीनपाशी मी बसत नाही. आतल्या खोलीत, त्यांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसते, मांडीवर लॅपटॉप घेऊन. पलंगावर चादर नीट घातलेली असते. हाक मारायला आता कोणी नाही, त्यामुळे उत्तरं फार लवकर लिहून होतात.