सुधाकाकूंच्या कानातला आवाज

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई. आवाज आला म्हणजे त्याला सोर्स असणारच... तो शोधून बंद करणं हेच माझं पोटापाण्याचं काम. मोटरचा वेग कमीजास्त करणारे ड्राइव्ह मी बसवते, आणि त्यांच्यामुळे आजूबाजूच्या उपकरणांना त्रास होत नाही ना, ते तपासते.

शनिवार पेठेतल्या एका सोसायटीत पाण्याच्या पंपाला नवा ड्राइव्ह बसला होता. तळमजल्यावरच्या सुधाकाकूंची तक्रार आली. त्यांना कमी ऐकू येतं. ऐकण्यासाठी कानात घालतात त्या मशीनमध्ये फोन ऐकायची कॉइल असते; ती चालू केली की पंपाबरोबर कानात गुणगुण.

"पाणी गच्चीवर चढवताय की माझ्या डोक्यात, तेवढं सांगा," काकू म्हणाल्या.

चूक सरळ होती. आधीच्या माणसाने साधी केबल टाकलेली, तीही इंटरकॉमच्या वायरला चिकटून. मी धातूच्या जाळीचं कवच असलेली शिल्डेड केबल टाकली, ती जाळी दोन्ही टोकांना क्लॅम्पने घट्ट अर्थ केली, सप्लायला फिल्टर लावला, इंटरकॉमची वायर लांब नेली. दुपारी पंप चालवला.

"गेला बाई भुंगा!" काकू खूश.

मी मेन स्विच बंद करून पॅनेलचं दार लावत होते, तर काकू दारात आल्या. "अगं, फोनचं बटण लावलं की आता माणूस बोलतोय."

"कोण?"

"मला काय ठाऊक? 'मले वर काढा' म्हणतोय. मले काय, मले!"

मला हसू आलं. एखादं रेडिओ स्टेशन पकडलं असेल. सिग्नल पकडणारा मीटर सगळीकडे फिरवला — काहीच नाही. मशीन माझ्या कानाला लावलं — नुसती खरखर. काकूंनी परत घातलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"बारीक होत चाललाय गं आवाज..."

सोसायटीत 'मले' म्हणणारा एकच माणूस. वॉचमन देवराव, यवतमाळकडचे. मी त्यांच्या केबिनकडे गेले. खुर्ची रिकामी, मोबाईल चार्जिंगला, इंटरकॉम जागेवर. हाका मारत इमारतीच्या मागे गेले. तिथे जमिनीखाली कित्येक वर्षं बंद असलेली जुनी टाकी होती. तिचं झाकण बाजूला सरकवलेलं.

टॉर्च मारला. तळाशी देवराव आडवे पडले होते.

माझा आरडाओरडा ऐकून लोक धावले. एक गृहस्थ चप्पल काढून उतरायलाच निघाले, मी त्यांचा दंड धरला. "उतरू नका! आत हवा नाहीये, तुम्हीही पडाल!" अग्निशमन दलाला फोन केला. त्यांची गाडी येईपर्यंत वरून त्या माणसाकडे नुसतं बघत राहणं... ते मी कुणाला सांगू शकत नाही. काकू कानावर हात दाबून शेजारी उभ्या होत्या. "आता काहीच येत नाहीये गं," एवढंच पुटपुटत होत्या.

मास्क लावलेल्या जवानांनी देवरावांना वर काढलं. श्वास चालू होता.

पुढच्या आठवड्यात मी दवाखान्यात भेटायला गेले. टाकी परत वापरात घ्यायचं चाललं होतं, म्हणून देवराव आत किती गाळ आहे ते बघायला उतरले होते. मी विचारलं, "हाका किती वेळ मारत होतात?"

ते कोपर टेकून अर्धवट उठले.

"हाक मारलीच नाई जी, ताई. खाली पाय टेकला अन् डोळ्यापुढं अंधार. तोंडच उघडे ना."

मी काकूंचं सांगितलं. त्यांनी चादर तोंडावर ओढून घेतली, खांदे हलत होते.

कुणी म्हणेल ते हाक मारत असतील, आठवत नसेल. पण काकूंना समोरचा माणूसही मशीनशिवाय ऐकू येत नाही. टाकी इमारतीच्या मागे, भिंती काँक्रीटच्या. आणि कॉइलला माणसाचा आवाज असा हवेतून मिळतच नाही... निदान माझ्या शिक्षणाप्रमाणे तरी नाही.

काकूंचं मशीन मी स्वतः दुकानात नेऊन तपासून घेतलं. उत्तम आहे म्हणाले. काहीतरी दोष निघाला असता तर मला झोप लागली असती.