एररचा रकाना

बेसबॉल मला आजही अर्धाच कळतो. मुलगी अमेरिकेत शिकायला गेली आणि तिथल्या कॉलेजच्या स्पोर्ट्स ऑफिसात तिला बेसबॉलचा स्कोअर लिहायचं काम मिळालं, तेव्हा मी कपाळावर हात मारला होता. क्रिकेटवाल्याची पोरगी आणि हे काय खूळ डोक्यात घेतलंय! पण लिहायला शिकली माझ्याच शेजारी बसून. पंचवीसेक वर्षं झाली, मी कतारमध्ये, दोह्यात एका कंपनीचं स्टोअर सांभाळतो आणि शुक्रवारी सकाळी अल वक्राच्या बाहेरच्या मोकळ्या मैदानावर आपल्या लोकांच्या मॅचेसचं स्कोअरबुक लिहितो. लहान असताना ती घडीची खुर्ची घेऊन माझ्याजवळ बसायची. मी तिला तोऱ्यात ऐकवायचो, या वहीत एक टिंब खोटं सापडलं तर बापाचं नाव लावू नकोस. पोरगी ते खरं मानून मोठी झाली.

मे महिन्यात त्यांचा मोसम संपतो. मग त्यांच्या कॉन्फरन्समधले, म्हणजे कॉलेजांच्या एका गटातले, वरचे संघ एका ठिकाणी जमतात आणि तीन-चार दिवस शेवटची स्पर्धा खेळतात. दोनदा हरलं की घरी. त्या वर्षी स्पर्धा तिच्याच कॉलेजात होती आणि गुरुवारची मॅच तिच्या साहेबांनी तिच्या एकटीच्या हाती सोपवली होती. तिथली सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ. फरीज बिन ओमरानच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला, बायको समोर मेथी निवडत बसली. कोण जिंकतंय म्हणून तिने तीनदा विचारलं. मलाच कळत नव्हतं, त्यामुळे तिसऱ्यांदा मी तिच्यावर खेकसलो.

आठव्या डावात काय झालं ते मात्र मलाही कळलं. बॉल उंच उडाला, डावीकडचा एक पोरगा पळत पुढे आला, डोळ्यांवर हात धरला, बॉल त्याच्या ग्लोव्हमध्ये लागला आणि खाली पडला. समोरच्यांचे दोघे धावत ‘होम’ला पोचले, म्हणजे त्यांचे दोन रन झाले. तिच्या कॉलेजचा संघ हरला आणि आधी एकदा हरलेला असल्यामुळे स्पर्धेबाहेर गेला. पडद्यावर त्या पोराच्या नावापुढे एरर उमटली.

आमच्याकडे कॅच सुटला तर चार जण शिव्या घालतात, चहा होतो, विषय खलास. वहीत सोडलेल्या कॅचला जागाच नाही. बेसबॉलमध्ये एररचा वेगळा रकाना असतो आणि चुकणाऱ्याचं नाव तिथे कायमचं बसतं. बरं, ती एरर होती की मारणाऱ्याचा चांगला फटका होता, हे अंपायर ठरवत नाही. स्कोअर लिहिणारा ठरवतो. म्हणजे माझी वीस वर्षांची पोरगी ठरवणार. हे तिने पूर्वी सांगितलं तेव्हा मी हबकलोच होतो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी सहाला मी मैदानावर गाडी लावली, पोरं मॅट अंथरत होती आणि ऊन आताच चटके देत होतं. तेवढ्यात तिचा फोन आला. तिच्याकडे रात्र झालेली. एरवी मी मराठीत विचारतो आणि ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. त्या दिवशी ती अडखळत का होईना, मराठीत बोलायला लागली, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

प्रकरण असं होतं. त्या पोराचं शेवटचं वर्ष. तो पुढे खेळणार नव्हता, कुठेतरी नोकरीला लागणार होता. अख्ख्या मोसमात त्याच्या नावावर एकही एरर नव्हती आणि शेवटच्या मॅचमध्ये ही एक लागली. मॅच संपल्यावर त्यांचा कोच हिच्याकडे आला आणि नीट, सभ्यपणे म्हणाला की ऊन थेट डोळ्यांत होतं, एरर काढून फटका लिही. सकाळपर्यंत तिला ते बदलता येत होतं. निकाल तसाच राहणार होता. पोरगा कोचच्या मागे उभा होता. ऊन होतं हे खरं, पण बॉल ग्लोव्हच्या मधोमध लागलेला तिने पाहिला होता. काय करू, विचारत होती.

मी म्हटलं, अगं, एवढा काय विचार करतेस, कोणाचं काय जातंय? बिचारा डाग न घेता जाईल. टाक बदलून.

ती म्हणाली, "तुम्ही असं कधी केलंय, बाबा?"

नाही म्हणायला कितीसा वेळ लागला असता? माझ्या जिभेवर आलंच होतं. पण तिला सकाळी एक निर्णय घ्यायचा होता आणि तो ती माझ्या उत्तरावर घेणार होती. तिथे थाप मारायला माझं मन होईना. मी तिला सांगितलं.

आमच्यात लातूरकडचा एक वेल्डर होता. एकोणीस वर्षं इथे एकटा राहिला, बायको-पोरं गावी. दर शुक्रवारी खेळायचा आणि त्याची फिफ्टी कधी झाली नव्हती. व्हिसा कॅन्सल करून तो कायमचा निघाला, शनिवारचं तिकीट होतं. शुक्रवारच्या शेवटच्या मॅचमध्ये त्याने जीव तोडून बॅटिंग केली आणि एकोणपन्नासवर बाउंड्रीजवळ कॅच गेला. निरोपाचा केक आधीच आणून ठेवला होता. तो गुपचूप एका बाजूला बसून पॅड सोडायला लागला. मला कोणीही काही सांगितलं नाही, जे केलं ते माझं मी केलं. सुरुवातीच्या एका ओव्हरमध्ये बॉल त्याच्या पॅडला लागून गेला होता आणि त्यांनी एक रन पळून काढला होता. लेग बाय, म्हणजे रन संघाचा, बॅट्समनचा नाही. मी खोडरबर घेतलं, तो लेग बाय पुसला आणि एक रन त्याच्या नावावर चढवला. बेरीज तीच. मग उठून मोठ्याने ओरडलो की मोजण्यात चूक झाली होती, फिफ्टी आहे. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. मुलीची परीक्षा होती म्हणून ती त्या दिवशी मैदानावर आली नव्हती. या गोष्टीचं मला इतकी वर्षं मनातून कौतुकच वाटत आलं होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता चांगली फैलावर घेणार. तिने एवढंच विचारलं, "त्या काकांना माहीत होतं?"

बॉल त्याच्याच पॅडला लागला होता. त्याला कळणार नाही तर कोणाला कळणार? हो म्हणालो.

"मग ते खूश झाले?"

हो म्हणायला तोंड उघडलं आणि मला तो डोळ्यांसमोर दिसला. खांद्यावर असताना हसत होता. खाली उतरल्यावर मी त्याला बोलावून वही दाखवली आणि म्हटलं, फोटो काढून घे, घरी दाखव. तो त्या पानाकडे बघत राहिला. मग "राहू द्या, भाऊ" म्हणून हात धुवायला निघून गेला. मला वाटलं, साधा माणूस, लाजतोय. दिवाळीला त्याचा बाकीच्यांना फोन येतो. मला एकदाही आला नाही आणि कामात असेल म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "खूश नव्हता."

"मग मी एरर तशीच ठेवते," ती म्हणाली. "त्याला मीच जाऊन सांगेन." माझ्या खाडाखोडीबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. तिने चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मैदानावरून कोणीतरी यल्ला यल्ला, चला चला, म्हणून ओरडत होतं, टॉस झाला होता. मी गाडीत तसाच बसून राहिलो. मला स्वतःची लाज वाटत होती. त्या माणसाला मी एक रन दिला, असंच मी समजत आलो होतो. त्याने आपल्या बॅटने एकोणपन्नास काढले होते, आणि वहीत खोटे पन्नास लिहून, गावी जाऊन ते कोणाला सांगायची सोय मी ठेवली नव्हती.