पुण्यातली फायनल आणि तात्यांचा फेटा

कऱ्हाडच्या स्टँडवरून सकाळी सहाची एसटी सुटली आणि माझ्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, मला पुन्हा तेच विचारलं, “लाथा मारायच्या, मग ती कुस्ती कशी?”

“कुस्ती नव्हेच ती, तात्या. किकबॉक्सिंग.”

“आन् ती पोरीनं खेळायची?”

“पोरीनंच.”

यावर त्यांनी डोक्यावरचा पांढरा फेटा सारखा केला आणि खंबाटकी घाट येईपर्यंत खिडकीकडे तोंड फिरवलं. मला तेवढीच झोप मिळाली.

तात्या जुने पैलवान. माझ्या भावाची मुलगी ऋतुजा लहानपणी एकदा तालमीत शिरली, तर त्यांनी तिला दंडाला धरून बाहेर आणून सोडलं होतं. तिच्याआधी कितीतरी वर्षं मलाही त्याच दारातून तसंच आणून सोडलं होतं. मी मुकाट्यानं डी.एड. करून मास्तरीण झाले. ऋतुजा पुण्याला शिकायला गेली, कोथरूडला मैत्रिणींबरोबर राहिली आणि आता आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मिडलवेट गटाच्या फायनलला पोचली होती. फोनवर एवढंच म्हणाली, “आत्या, जिंकायचंय मला. आणि आबांसमोर जिंकायचंय.” तात्यांना ती आबा म्हणते. म्हणून हा सगळा खटाटोप.

स्वारगेटला उतरलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. नारायण पेठेत एका छोट्या हॉटेलात मिसळ मागवली. रस्सा गोडसर. तात्यांनी एक घास घेतला आणि वाढप्याला म्हणाले, “जरा तिखट आना की.”

“आधी हे संपवा,” तो मान वर न करता म्हणाला. “मग बघू.”

तात्यांनी निमूटपणे संपवलं. त्यांना असं कुणी गप्प केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि खरं सांगते, मला मनापासून बरं वाटलं.

तिथून रिक्षानं क्रीडासंकुल. रिक्षावाल्यानं चुकीच्या गेटवर सोडलं, त्यामुळे अर्धा फेरा उन्हात. आत शिरलो मात्र आणि डोळे दिपले! मधोमध दोरांनी बांधलेली चौकोनी रिंग, वर लखलखते दिवे, देशोदेशीचे झेंडे, ढोल-ताशाचं पथक आणि कान किटवणारी गाणी. घरच्यांसाठी ठेवलेल्या आमच्या खुर्च्या ऋतुजाच्या कोपऱ्याच्या, म्हणजे तिचे प्रशिक्षक उभे होते त्या जागेच्या, अगदी मागे, दुसऱ्या रांगेत होत्या. तात्या बसेनातच. मागून एक गृहस्थ म्हणाले, “अहो आजोबा, आपण बसलात तरी लढत होणार आहे.”

ऋतुजा निळे हातमोजे घालून आली. समोरची मुलगी उझबेकिस्तानची, तिच्याहून चार बोटं उंच. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत आमची पोर मारच खात होती. उंच मुलीचा पाय लांबून यायचा आणि ऋतुजाच्या मांडीवर फाडकन बसायचा. तात्या पुटपुटत होते, “आत शिर. आत शिर गं.” दुसऱ्या फेरीत ती खरोखरच आत शिरली आणि जवळून ठोसे मारू लागली. आता तात्या तिचं प्रत्येक पाऊल स्वतःच्या खांद्यांनी खेळत होते. “हिला डाव कळतो गं!” ते मला म्हणाले. मी ओरडत होते, शेजारची अनोळखी बाई माझा हात धरून ओरडत होती.

तिसरी फेरी. शेवटचे चाळीस सेकंद. ऋतुजानं उजवीकडे ठोशाची हूल दिली आणि डावा पाय सरळ बरगडीखाली घातला. उंच मुलगी वाकली. हात खाली आले. अजून एकच!

तेवढ्यात माझ्या शेजारून काहीतरी पांढरं वर गेलं.

आमच्याकडे कुस्तीच्या मैदानात कुणी नामी डाव मारला की जाणती माणसं डोक्यावरचा फेटा हवेत उडवतात. पैलवानाला त्याहून मोठं बक्षीस नाही. तात्यांनी तेच केलं. फेटा उलगडला, दोरांवरून गेला आणि ऋतुजाच्या पायाशी पडला. पंचांनी हात हलवून लढत थांबवली. कारण या खेळात कोपऱ्यातून पांढरा टॉवेल रिंगमध्ये पडला की त्याचा अर्थ एकच: आमची हार.

“टॉवेल नाही, फेटा आहे तो!” ऋतुजाचे प्रशिक्षक घसा फोडून ओरडत होते. टेबलावरच्या अधिकाऱ्यांनी तो उलगडून पाहिला. बराच वेळ गेल्यावर निर्णय आला: प्रेक्षकांतून आलाय, लढत पुढे चालू. पण तेवढ्यात उंच मुलीनं दम घेतला होता, आणि उरलेल्या सेकंदांत तिनंच चार लाथा मारल्या. तीन गुणपंचांपैकी दोघांनी तिला जिंकवलं.

तात्या उघड्या डोक्यानं बसून राहिले. चारचौघांत ते तसे बसलेले मी आजवर पाहिले नव्हते. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

बाहेरच्या बोळकंडीत ऋतुजा आली. गळ्यात रौप्यपदक, डोळे सुजलेले. “आबा, चाळीस सेकंद! चाळीस सेकंद दम धरवला नाही तुम्हाला?”

“चुकलं पोरी,” तात्या म्हणाले. “डाव बघितला आन् ऱ्हावलंच न्हाय.”

ती रडतच होती. मग नाक पुसून म्हणाली, “गावात पोरांसाठी उडवायचात. माझ्यासाठी पहिल्यांदाच उडवलात.” आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून पुन्हा रडली.

संध्याकाळच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून विचार करत होते. सोनं गेलं याची हळहळ माझ्या मनातून अजून जात नाही. पण ज्या माणसानं आम्हा दोघींना दारातून परत पाठवलं, त्याला आज एका पोरीचा डाव बघून भान राहिलं नाही, हेही खरंच. कंडक्टरनं तिकीट फाडताना सहज विचारलं, “काय आजोबा, पुण्याला काय काढलं होतं?”

“नातीची फायनल हुती,” तात्या अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले. “दुसरी आली. पैलीच यायची, पन मी आडवा आलो.”