तीन मिनिटांवरचं माहेर

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. हे मी छातीठोकपणे सांगते आणि कुणी हसलं तर हसू देते. माझं माहेर मुठ्याचं, सासर सूसचं. आणि बाळंतपणाच्या वेळी माझं माहेर सासरहून चालत तीन मिनिटांवर होतं.

दोन्ही गावं मुळशीतलीच. पण सूसला आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाळंतपणाचा दवाखाना, समोर मुलांचा डॉक्टर, आणि पुढे दातांचे तीन. एवढे दात सूसमध्ये कुणाचे दुखतात हे मला अजून कळलेलं नाही. मुठ्यात उपकेंद्र आहे. लस, ताप, खोकला, मलमपट्टी, सगळ्याला तिथली सिस्टर धावून येते. पण ऑपरेशन म्हटलं की गाडी शोधायची आणि घाट ओलांडायचा. आमच्याकडे माणूस आजारी पडला की पहिला प्रश्न असतो, गाडी कुणाची हाय? काय होतंय, ते गाडीत बसल्यावर विचारतात. लग्न होईपर्यंत मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. सूसला आल्यावर, साधा काटा रुतला तरी लोक स्पेशालिस्ट गाठतात हे पाहिलं आणि डोकंच फिरलं.

आठव्या महिन्यात आईवडील मला न्यायला येणार, त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी पाहून सांगितलं की बाळ पायाळू आहे, पाय खाली आणि डोकं वर. अजून फिरेल, पण नाही फिरलं तर ऑपरेशन लागेल. आणि पाणी गेलं तर एक क्षणही न दवडता इथे यायचं. तेव्हा मुठ्याला जाऊ नका, असं त्या स्पष्टच म्हणाल्या.

सासूबाई म्हणाल्या, मग राहू दे इथंच, मी करीन सगळं. नवऱ्याचंही तेच म्हणणं. मी तर मनात केव्हाच ठरवून टाकलं होतं. मला न्यायला आलेले वडील मात्र सोफ्याच्या कडेवर बसून चहा गार करत राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. ती मोडायची म्हणजे बापाला जमलं नाही असं गाव म्हणणार. शेवटी ते एवढंच बोलले.

"पहिल्या बाळंतपणाला लेक व्याह्याच्या दारात ठेवायची, एवढी येळ आली न्हाई माझ्यावर."

मी भडकले. आबा, तुम्हाला बाळापेक्षा रीत मोठी आहे का, असं सगळ्यांदेखत विचारलं.  त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि ते बाहेर पडले. मला वाटलं, रागावून मुठ्याला गेले. माझंही तोंड जरा जास्तच चालतं, म्हणून दुपारभर जिवाला चैन नव्हतं.

संध्याकाळी आले ते हातात किल्ली घेऊन. दवाखान्याच्या मागच्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, त्यांनी एक खोली भाड्याने घेतली होती. वर-खाली, आजूबाजूला सगळी कंपनीत काम करणारी पोरं. घरमालकाने विचारलं, कुठल्या कंपनीत? वडिलांनी सांगितलं, लेकीचं माहेर करायचंय. आता ही खोली म्हणजे मुठा समजायचं, असंही त्यांनी आम्हा सगळ्यांना बजावलं.

सासूबाई मोठ्या समजूतदार. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. ओटी भरली, हातावर दही घातलं, दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, पोचल्यावर फोन कर. मी पोचले तेव्हा त्या आपल्या गॅलरीतून मला पाहत होत्या, तरी मी फोन केला. वर आईने शेगडी, डिंक, अळीव, घरचा आंबेमोहोर असं सगळं मुठ्याहून आणून मांडलं होतं. चार दिवसांत शेजारची हिंदी बोलणारी पोरं तिला मावशी म्हणायला लागली आणि भाकरी मागायला यायला लागली. मला माहेरी गेल्यासारखं वाटलं का? अगदी वाटलं. आईने डोक्याला तेल थापलं की गाव कुठलं का असेना.

बाळ फिरलंच नाही. एका सकाळी अंथरुणातून उठले आणि पाणी गेलं. आई आणि वडिलांनी मला दोन्ही बाजूंनी धरून दवाखान्यात नेलं. तपासता तपासता डॉक्टरबाईंचा आवाज बदलला. नाळ बाळाच्या आधी खाली सरकली होती. मला पळवतच आत नेलं, एवढंच आठवतं. नंतर त्या म्हणाल्या की खेळ मिनिटांचा होता. मुलगी झाली, ठणठणीत. बाहेर वडील भिंतीला टेकून खाली बसले आणि सगळ्यांसमोर रडले. हे मला नंतर आईने सांगितलं; मी त्यांना रडताना कधी पाहिलेलं नाही. डोळे पुसल्यावर मात्र सासऱ्यांना म्हणाले, पेढे मी वाटणार, बाळंतपण माहेरी झालंय.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. यंदा माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचे दिवस भरत आले. तिचं माहेर धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाडीवर. तिथून पाहिलं तर मुठा म्हणजे शहर. तिचं बीपी चढायला लागलं आणि डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्याजवळ राहा म्हणून सांगितलं. तिचे वडील रीतीप्रमाणे न्यायला आले, तेव्हा मीही मुठ्यात होते. माझे वडील त्यांना समजावत होते की पोरीला वाडीवर नेऊ नका, सूसला माझ्या लेकीकडे ठेवतो. व्याही शांतपणे म्हणाले,

"पाव्हणं, तुमी न्हाई ठेवली तुमची लेक सासरी."

  मग वडिलांनी खोलीचं सुचवलं, मी लगेच बघते म्हटलं. व्याही नकाराची मान हलवत राहिले. घरात दोघंच, गोठ्यात दोन म्हशी गाभण. त्यांना टाकून दोन महिने सूसला कसं राहायचं?  

"म्हशी मी बघतो," वडील म्हणाले.

आता व्याही-विहीणबाई आमच्या गल्लीत खोली घेऊन राहतात. भावजय तिथे माहेरी आहे, बीपी रोज तपासलं जातं, डॉक्टर दोन मिनिटांवर. मला तिची काळजी उरलेली नाही. वडील मात्र पाण्यापलीकडच्या वाडीवर एकटे आहेत. गेल्याच वर्षी छातीत कळ आली म्हणून सूसजवळच्या मोठ्या दवाखान्यात चार दिवस काढलेला माणूस. सकाळचं वैरण-पाणी उरकलं की टेकाडावर जातात, तिथे रेंज मिळते, तिथून फोन करतात. काल मी घाबरून विचारलंच, आबा, तिथे तुम्हाला काही झालं तर?

"मला काय हुतंय? मी काय बाळंतीण हाय?" ते म्हणाले, आणि भावजयीचं आजचं बीपी विचारलं.